दख्खनमधील राखेचे ढिगारे आणि त्यांचे कायदेशीर संरक्षण



प्राचीन वास्तू म्हटले की हैदराबादकरांच्या डोळ्यांपुढे गोवळकोंडा उभा राहतो, चारमिनार उभा राहतो. आणि ज्यांची मुळे मराठवाड्यात आहेत त्यांना अजिंठा-वेरूळ आठवते. या साऱ्या वास्तूंना नाव आहे, कर्ता आहे, बहुतेकांना सनावळीही आहे. आजच्या विषयाला यांपैकी काहीच नाही. तो आहे रायचूर, बळ्ळारी, गुलबर्गा, महबूबनगर, कर्नूल, अनंतपूर या जुन्या जिल्ह्यांच्या माळावर विखुरलेल्या राखेच्या ढिगाऱ्यांचा. असे शंभराहून अधिक ढिगारे अभ्यासकांच्या नोंदीत आहेत. काही कमरेएवढे, काही दोन-तीन पुरुष उंच. वरून पाहावे तर एखादी ओबडधोबड टेकडी. खणून पाहावे तर मऊ करडी राख, मध्येच पांढरट थर, आणि मध्येच काचेसारखा वितळून घट्ट झालेला, भोके पडलेला खंगर. पाऊस ज्या बाजूने लागतो त्या बाजूने हे थर उघडे पडतात आणि एकावर एक रचलेल्या भाकऱ्यांसारखे दिसतात.

कानडीत राखेला 'बूदी' म्हणतात, तेलुगूत 'बूडिद'. बूदिहाळ, बूदिगुंटा अशी गावांची आणि जागांची नावे त्यावरूनच पडली. राख कोणाची, याचे उत्तर लोकांनी आपल्या परीने दिलेले आहे. हंपीजवळ निंबापूर येथील ढिगारा वालीच्या दहनाची जागा म्हणून दाखवला जातो. अन्यत्र ही राख राक्षसांची ठरली. माणसाला न उलगडणारी गोष्ट रामायण-महाभारताच्या पदरात टाकण्याची आपली रीत जुनी आहे, आणि तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. ज्या ढिगाऱ्याला कथा मिळाली, त्याला निदान कुदळीची भीती थोडी कमी राहिली.

विद्वानांचे तर्क तरी याहून फार निराळे कोठे होते? मद्रासच्या लष्करातील कॅप्टन न्यूबोल्ड याने १८३६ साली बळ्ळारीजवळच्या कुपगल येथे खणून पाहिले आणि १८४३ मध्ये या 'खंगरयुक्त राखेच्या प्राचीन ढिगाऱ्यां'वर निबंध प्रसिद्ध केला. ज्वालामुखीचा अवशेष म्हणावा, तर आसपास ज्वालामुखी नाही. चुन्याच्या किंवा लोखंडाच्या भट्टीचा गाळ म्हणावा, तर भट्टी नाही. विजयनगरचा इतिहास लिहिणारे रॉबर्ट सिवेल यांना हे मध्ययुगातील मोठ्या चितांचे, सती गेलेल्यांच्या दहनाचे अवशेष वाटले. याला अपवाद ठरला रॉबर्ट ब्रूस फूट. हा भूगर्भशास्त्रज्ञ, १८६३ साली मद्रासजवळ पल्लावरम येथे अश्मयुगीन हत्यार ओळखणारा. त्याने या ढिगाऱ्यांत घासून गुळगुळीत केलेल्या दगडी कुऱ्हाडी पाहिल्या, राखेचे परीक्षण करवून घेतले, आणि निष्कर्ष काढला की हे शेण आहे. आफ्रिकेत काटेरी कुंपण घालून गुरे कोंडतात, तसे कोंडवाडे येथे होते आणि त्यांत साचलेले शेण पेटवले गेले.

निष्कर्ष इतका साधा होता की तो पटायला सुमारे ऐंशी वर्षे लागली. १९६० च्या सुमारास फ्रेडरिक झॉयनर यांनी लंडनमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली राखेचे नमुने तपासले. गवतात सूक्ष्म प्रमाणात सिलिका असते. गुरांच्या पोटातून ती शेणात उतरते, आणि शेणाचा मोठा ढीग दीर्घकाळ प्रखर धगीने जळला की ती वितळून काचेसारखी होते. न्यूबोल्डला ज्याने चकवले तो खंगर हाच. त्याआधी १९५७ साली रेमंड ऑल्चिन यांनी तेव्हाच्या महबूबनगर जिल्ह्यातील उतनूर येथे उत्खनन केले होते. तेथे राखेखाली लाकडी खुंट रोवल्याच्या खळग्यांच्या ओळी निघाल्या. कुंपणाच्या आत गुरांच्या खुरांचे ठसे जसेच्या तसे उमटलेले होते. कुंपण जळले, पुन्हा उभे राहिले, पुन्हा जळले. असे अनेकदा झाले होते. काळ इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या सहस्रकातला. म्हणजे अशोकाचा शिलालेख ज्या मस्कीला आहे, त्या प्रदेशात अशोकाच्या दोन हजार वर्षे आधी कोणी गवळी आपली जनावरे संध्याकाळी कोंडवाड्यात घालीत होता.

या अभ्यासात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचा वाटा मोठा आहे आणि मराठी वाचकांना तो सांगितला पाहिजे. बी. सुब्बाराव यांनी १९४६ साली बळ्ळारीजवळ संगनकल्लू येथे उत्खनन केले, ते याच संस्थेतून. पुढे के. पद्दय्या यांनी शोरापूर दुआबात आयुष्याची कित्येक वर्षे घालवली. कोडेकल आणि नंतर १९८९ ते १९९३ या काळात बूदिहाळ येथे त्यांनी जे खोदकाम केले, त्याने प्रश्नाची दिशाच पालटली. बूदिहाळला केवळ कोंडवाडा नव्हता. त्याला लागून वस्ती होती, लहान मुलांची दफने होती, आणि जनावरे कापून मांस वाटण्याची एक स्वतंत्र जागा होती. म्हणजे ढिगारा हा रानातील हंगामी मुक्काम नसून नांदत्या गावाचा भाग होता.

तेव्हा 'हे काय आहे' हा प्रश्न मिटला, पण 'का जाळले' हा मिटला नाही. रोगराई व कीड हटवण्यासाठी जाळले असेल. ऑल्चिन यांना होळी-पोंगलासारख्या सणांचा मागोवा त्यात दिसला, कारण जनावरांना अग्नीवरून नेण्याची चाल दक्षिणेत अजून आहे. शेण हे खत आहे, सरपण आहे; ते वर्षानुवर्षे साठवून डोंगराएवढे करायचे आणि पेटवून द्यायचे, हे केवळ सफाईसाठी कोणी करणार नाही, असे म्हणणारा अभ्यासकांचा एक पक्ष आहे. त्यांच्या मते हा ढिगारा हेतुपूर्वक उभारलेले स्मारक होते, दुरून दिसावे, आमचे गोधन किती हे शेजाऱ्यांना कळावे म्हणून. हे मत आकर्षक आहे. मात्र ते सर्व ढिगाऱ्यांना सारखे लावणे धाडसाचे होईल. बूदिहाळचा पुरावा उतनूरला लागू पडेलच असे नाही.

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. या उकिरड्याला चार हजार वर्षे थांबावे लागले, एवढाच फरक. पण महाराष्ट्राच्या आणि तेलंगणाच्या संस्कृतीचा पाया गुराख्यांनी आणि धनगरांनी घातला, हे मराठी वाचकाला नवे नाही. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या १९८४ च्या ग्रंथात पंढरीच्या देवाचा माग गवळी-धनगरांपर्यंत नेला. आणि नारायणगुड्यात राहणाऱ्यांना तर ग्रंथ उघडण्याचीही गरज नाही. दिवाळीनंतर येथे 'सदर' भरतो. यादव मंडळी आपले रेडे तेल लावून, हार घालून, शिंगे सजवून वाजतगाजत आणतात आणि चौकातली वाहने दोन्ही बाजूंना थांबून राहतात. उतनूरच्या खुरांचा आणि या मिरवणुकीचा धागा जोडता येणार नाही. पण गोधन चारचौघांत मिरवावे ही हौस किती मुरलेली आहे, ते तेथे दिसते.

आता कायद्याकडे वळले पाहिजे. प्राचीन अवशेषांना कायद्याचे छत्र देण्याची कल्पना इंग्लंडात १८८२ साली मूर्त झाली, आणि तिची सुरुवात राजवाड्यांपासून झाली नाही, ती मातीच्या आणि दगडांच्या अशाच अनाम रचनांपासून झाली. तेथील सिल्बरी हिल ही मानवनिर्मित टेकडी इसवी सनापूर्वी सुमारे २४०० वर्षांची. १७७६ पासून तीत खजिना आणि राजाचे थडगे शोधण्यासाठी बोगदे पाडले गेले. थडगे मिळाले नाही. उलट २००० साली त्या जुन्या बोगद्यापायी टेकडीच्या माथ्याला भगदाड पडले. ती का रचली, हे अजूनही कोणी सांगू शकत नाही. अमेरिकेत ओहायो येथील नागाच्या आकाराचा मातीचा बांध दोन वेगवेगळ्या लोकांच्या नावावर सांगितला जातो आणि त्या दोन काळांत हजार वर्षांहून अधिक अंतर आहे. तरीही दोन्ही जागा रक्षिल्या गेल्या आहेत. कर्ता ठाऊक असणे ही संरक्षणाची अट नव्हे, हे त्या देशांनी मान्य केले.

आपल्याकडे लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत १९०४ चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा झाला. हैदराबाद संस्थानाने १९१४ साली गुलाम याझदानी यांच्या हाताखाली स्वतःचे पुरातत्त्व खाते उभारले आणि १३३७ फसलीमध्ये, म्हणजे १९२७-२८ च्या सुमारास, स्वतःचा स्मारक संरक्षण कायदाही केला. संस्थानी कारभाराबद्दल बोलण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु या एका बाबतीत हैदराबाद मागे नव्हते. याझदानींनी १९१७ मध्येच दख्खनच्या महापाषाणीय दफनांवर लिहिले होते. त्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, शोरापूरचा कारभार पाहणाऱ्या मेडोज टेलरने भीमाकाठच्या दगडी वर्तुळांत खोदकाम केले होते. ठगाच्या जबानीची कादंबरी लिहिणारा आणि पुढे नळदुर्गला राहिलेला तोच हा टेलर.

स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या कायद्याने संस्थानांतील महत्त्वाची स्मारके राष्ट्रीय महत्त्वाची ठरली, आणि १९५८ साली आजचा मुख्य केंद्रीय कायदा आला. त्यातील व्याख्या लक्षपूर्वक वाचण्यासारख्या आहेत. 'प्राचीन स्मारक' म्हणजे शंभर वर्षांहून कमी जुने नसलेले बांधकाम, वास्तू, दफनटेकाड किंवा दफनस्थान, गुहा, शिल्प, शिलालेख, एकाश्म. राखेचा ढिगारा यांपैकी काय? तो बांधकाम नाही. त्यात दफन सापडेलच असे नाही. या यादीत त्याला ओढूनताणूनच बसवावे लागते. परंतु त्याच कायद्यात दुसरी व्याख्या आहे ती 'पुरातत्त्वीय स्थळा'ची. ज्या क्षेत्रात ऐतिहासिक किंवा पुरातत्त्वीय महत्त्वाचे अवशेष आहेत, किंवा ते आहेत असे मानण्यास वाजवी कारण आहे, असे कोणतेही क्षेत्र. येथे कायद्याने मोठे शहाणपण दाखवले आहे. तो कर्त्याचे नाव विचारत नाही, हेतू विचारत नाही, खणून दाखवा असेही म्हणत नाही. वाजवी कारण पुरते.

पण व्याख्येत बसणे म्हणजे संरक्षण मिळणे नव्हे. त्यासाठी शासनाने अधिसूचना काढावी लागते, दोन महिन्यांची मुदत द्यावी लागते, हरकती ऐकाव्या लागतात. अधिसूचनेआधी तो ढिगारा कायद्याच्या लेखी केवळ एक भूखंड असतो. अधिसूचना निघाल्यावर मात्र तेथे खाणकाम, उत्खनन, सुरुंग, बांधकाम यांना बंदी येते. शेतकऱ्याला शेती करता यावी म्हणून एकोणिसाव्या कलमात सवलत ठेवली आहे, ती एक फूट खोलीपर्यंतच्या नांगरटीची. गंमत अशी की इंग्रजी मसुद्यात दोन नकार असे एकापुढे एक आले आहेत की अक्षरशः वाचले तर अर्थ उलटा निघतो. हेतू स्पष्ट आहे म्हणून कोणी अडत नाही. परंतु व्याकरण हे केवळ शाळेपुरते नसते, हे विधिमंडळांनी ध्यानात ठेवायला हरकत नाही.

शंभर मीटर निषिद्ध आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रित, ही सीमा १९९२ च्या अधिसूचनेने आली आणि २०१० च्या दुरुस्तीने कायद्यातच गेली. त्याच दुरुस्तीने शिक्षा वाढून दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी झाली. गोवळकोंड्याभोवती ही सीमा समजते. पण ज्या गावात ढिगारा घरांना चिकटून आहे, तेथे शंभर मीटर म्हणजे अर्धे गाव. मग घराला एक खोली वाढवायची तरी परवानगी हवी. आपल्या शेतातला ढिगारा सरकारला कळू नये असे एखाद्या शेतकऱ्याला वाटले तर त्याला दोष देणे सोपे आहे; न्याय्य नाही. त्याच्या दृष्टीने ती राख उत्तम खत आहे. त्याच्या आज्याने ती गाड्या भरून शेतात टाकली, बापाने टाकली. शिक्षेची धमकी या पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीला पुरी पडत नाही. नुकसानभरपाईची आणि गरज पडल्यास जमीन संपादन करण्याची तरतूद कायद्यात आहे. ती अशा ढिगाऱ्यांसाठी वापरली जावी, असा आग्रह कोणी धरताना दिसत नाही.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. नागार्जुनसागर धरण व्हायचे ठरले तेव्हा १९५४ ते १९६० या काळात नागार्जुनकोंड्याचे खोरे खणून काढण्यात आले आणि निवडक वास्तू टेकडीवर, म्हणजे आजच्या बेटावर, पुन्हा उभारल्या गेल्या. श्रीशैलम प्रकल्पाच्या वेळी कूडवेल्लीचे संगमेश्वर मंदिर दगडांना क्रमांक देऊन आलंपूरला आणले गेले. मंदिर असे हलवता येते. राखेचा ढिगारा हलवता येत नाही. त्याचे थर हेच त्याचे अक्षर; ते एकदा फावड्याने सरमिसळ झाले की उरते ती फक्त राख. उत्खननसुद्धा एका अर्थी त्याचा नाशच करते, आणि म्हणून जबाबदार संशोधक काही भाग न खणता पुढच्यांसाठी ठेवतात.

धोकेही आता जुने राहिलेले नाहीत. नारायणपूर धरणाचे पाणी कालव्यांनी शोरापूर भागात पोहोचल्यावर कोरडवाहू जमिनी भाताखाली आल्या आणि सपाटीकरणात जुनी स्थळे गेली. पाणी आले याचा आनंद मानायचा की स्थळे गेली याचा खेद, हा प्रश्न पुस्तकी नाही. ज्यांनी त्या भागात उन्हाळा काढला आहे ते पाण्याच्याच बाजूने उभे राहतील. संगनकल्लू-कुपगलच्या टेकड्यांना मात्र असे समर्थन नाही. तेथे ग्रॅनाइटच्या खाणींनी डोंगर पोखरला, आणि त्या डोंगरावर नवाश्मयुगीन माणसाने कोरलेल्या बैलांच्या आकृती आहेत. फरशीचा दगड अन्यत्रही मिळतो.

हैदराबादच्या अंगणातली गोष्टही याच जातीची आहे. मौला अली आणि भोनगीरजवळचे रायगीर येथे महापाषाणीय दफनांची दगडी वर्तुळे होती. मधोमध माती-मुरुमाची रास, भोवती धोंड्यांचे कडे. डॉ. ई. एच. हंट यांनी या दफनांवर १९२४ साली लंडनच्या मानववंशशास्त्रीय नियतकालिकात विस्ताराने लिहिले. आज मौला अलीच्या परिसरात वसाहती आहेत. ती वर्तुळे ज्यांना पाहायची असतील त्यांना बहुतांशी हंट यांच्या लेखातच पाहावी लागतात. नागपूरजवळच्या जुनापाणीची वर्तुळे त्या मानाने नशीबवान. ती केंद्राच्या संरक्षित यादीत आहेत.

यादीत आले म्हणजे भागले असेही नाही. भारताच्या महालेखापरीक्षकांनी २०१३ साली दाखवून दिले की राष्ट्रीय महत्त्वाची ९२ स्मारके जागेवर सापडतच नाहीत. नंतरच्या शोधात काही मिळाली. तरी २०२२ मध्ये संसदेच्या समितीपुढे आलेल्या माहितीनुसार ५० बेपत्ताच होती. त्यांतली १४ शहरांच्या वाढीत गेली, १२ धरणांखाली, आणि २४ कोठे गेली हे कोणालाच सांगता येईना. २०२४ च्या मार्चमध्ये अशा १८ स्मारकांचे राष्ट्रीय महत्त्व संपल्याचे जाहीर करण्याची पावले उचलली गेली. यांत विटांचे मनोरे आहेत, कबरस्ताने आहेत, शिलालेख आहेत. ज्यांना पत्ता होता त्यांची ही गत. ज्यांची ओळख केवळ 'गावाच्या उत्तरेचा ढीग' एवढीच आहे त्यांचा हिशेब कोण ठेवणार?

१९५६ साली हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले तेव्हा हे ढिगारेही वाटले गेले. शोरापूर-रायचूरकडचे म्हैसूर राज्यात, महबूबनगरचे आंध्रात. पुढे आंध्राचा १९६० चा, कर्नाटकचा १९६१ चा आणि तेलंगणाचा २०१७ चा, असे निरनिराळे कायदे झाले. नवाश्मयुगीन गवळ्याला कृष्णेच्या दोन्ही तीरांवर एकच रान होते. आज त्याच्या कोंडवाड्याची चौकशी करायची तर कोणत्या राजधानीला पत्र लिहायचे, ते आधी ठरवावे लागते. त्यातही आशेची जागा आहे. नारायणपेठ जिल्ह्यात कृष्णाकाठी मुडुमाल येथे उभ्या दगडांचे विस्तीर्ण क्षेत्र आहे. लोक त्यांना 'निलुवु राळ्ळु', म्हणजे उभे दगड, म्हणतात आणि त्यातल्या एकाची यल्लम्मा म्हणून पूजा करतात. २०२५ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत त्यांचे नाव लागले. कर्नाटकातील हिरेबेणकलचे त्याआधी, २०२१ मध्ये, लागले होते. दगड उभा असतो, त्याचे छायाचित्र चांगले येते. राखेच्या वाट्याला अजून ते भाग्य आलेले नाही.

ग्रंथालयाच्या सभासदांना या प्रकरणात काय करण्यासारखे आहे, असा प्रश्न कोणी विचारील. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात राज्यसूचीची बारावी नोंद पाहावी. तेथे ग्रंथालये, वस्तुसंग्रहालये आणि राष्ट्रीय महत्त्वाची नसलेली प्राचीन स्मारके एकाच वाक्यात एकत्र आलेली आहेत. घटनाकारांनी हे शेजारपण जाणूनबुजून दिले की सोयीसाठी, ते असो. पण व्यवहारात ते खरे ठरते. महसुली दप्तरात अशी जागा बहुधा पडीक किंवा पोटखराबा म्हणून लागते, आणि पडीक जमीन वाटपाला मोकळी समजली जाते. ती पडीक नसून प्राचीन स्थळ आहे असे 'मानण्यास वाजवी कारण' दाखवायचे, तर लागतात ते जुने गॅझेटियर, पुरातत्त्व खात्याचे वार्षिक अहवाल, हैदराबाद पुरातत्त्व मंडळाच्या नियतकालिकाचे अंक, मोडी व फार्सी लिपीतले गावनकाशे. ही सामग्री सरकारी कचेऱ्यांत असेलच असे नाही. जुन्या घरांतल्या पेट्यांत आणि जुन्या ग्रंथालयांच्या वरच्या फळ्यांवर ती पुष्कळदा असते. ज्यांच्या घरी रायचूर, गुलबर्गा किंवा महबूबनगरकडील वतनाची, पाटीलकी-कुलकर्णीपणाची कागदपत्रे असतील, त्यांनी ती रद्दीत घालण्यापूर्वी त्यांत 'बूदी' किंवा 'राख' या नावाची जागा येते का, एवढे पाहून सर्वे क्रमांकासह ग्रंथपालांकडे टिपण द्यावे.